न घेतलेला दुसरा टेक

माझ्या तिसऱ्या चित्रपटाचं चित्रीकरण सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मुख्य भूमिका करणाऱ्या बाईंना मालिकेत काम मिळालं. त्या आल्या नाहीत. चित्रीकरण सातपूरच्या आमच्याच दोन खोल्यांत होतं. तालमी आईसमोर झाल्या होत्या. संवाद तिला पाठ होते. तिनेच विचारलं, "मी केलं तर चालंल का?"

भूमिका सवाष्णीची होती. वडील मनमाडला रेल्वेत होते. ते गेल्यापासून आईने कपाळाला काही लावलं नव्हतं. शहरात आता अशा बायका टिकली लावतात, पण आई नांदगावकडची. रंगभूषेला मदत करणारी शेजारीण कुंकवाची डबी घेऊन घुटमळली. आईने डबी तिच्या हातातून घेतली आणि आरशात बघून कुंकू लावलं.

कॅमेरा माझ्या मित्राकडे होता. आम्ही दोघे लग्नांचं चित्रीकरण करून पोट भरतो, हंगाम संपला की चित्रपट करतो. तो आईला म्हणाला, "काकू, आता हिरोईन झालात, आमच्याशी बोलणार का?" आई म्हणाली, "आधी चहा घे, मग मॅनेजरला विचार."

जेवणाच्या सुट्टीत कुंकू पुसायचं नाही, नाहीतर पुढच्या शॉटशी जुळत नाही, हे मी तिला सांगितलं होतं. तिने ते काटेकोर पाळलं. दुपारी ती तशीच खाली भाजीच्या गाडीपर्यंत जायची. भाजी घरात असली तरी जायची. संध्याकाळी काम संपलं की न्हाणीघरात जाऊन दार लावून घ्यायची.

शेवटच्या दिवशी नवऱ्याच्या मृत्यूनंतरचं दृश्य होतं. बाई स्वतःच्या हाताने कुंकू पुसते, असं मी लिहिलं होतं. पाठमोरं घेऊ, असं मी आईला सुचवलं. लिहिलंय तसंच घे, म्हणाली. तिने ते केलं आणि आतल्या खोलीत गेली. मित्राने मला दाराशी नेऊन सांगितलं की शेवटी फोकस सुटला, चेहरा धूसर आलाय, परत घ्यावं लागेल. मी नको म्हणालो. तिला हे पुन्हा करायला लावणार नव्हतो. दिवे उतरवायला सांगितले.

आई बाहेर आली. कपाळावर कुंकू होतं, ताजं, सकाळपेक्षा ठसठशीत.

"परत करायचं म्हनला ना तो?"

"नाही. झालं. चांगलं झालं."

मित्र वायर गुंडाळत होता, तो थांबला. आईने उतरवलेल्या दिव्यांकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि न्हाणीघरात गेली. बराच वेळ नळ वाहत होता.

चित्रपट काही महोत्सवांना पाठवला. एकाचंच उत्तर आलं, त्यात शेवटच्या शॉटमधल्या तांत्रिक दोषाचा उल्लेख होता. चित्रपटगृह मिळालं नाही. मागच्या वर्षी एका छोट्या सभागृहात ओळखीच्यांसाठी तो दाखवला. आई शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी होती. कुंकू लावलेल्या दृश्यांत ती पडद्यावरून नजर हलवत नव्हती. शेवटच्या शॉटला चेहरा धूसर झाला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी परत घ्यायचं होतंस. मी तयार होऊन आले होते."

दिवे लागले. ओळखीची माणसं तिचं कौतुक करायला आली, तेव्हा तिने पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता.