सुईणीची दोरी

सुईणमावशीचा हात हलका आणि जीभ तिखट, असं सगळी गल्ली म्हणायची. गल्लीतली निम्मी माणसं पहिल्यांदा रडली ती तिच्याच हातात, त्यामुळे तिच्यासमोर मोठ्या आवाजात बोलायची कुणाची टाप नव्हती. जास्त बोललंच कुणी, तर ती त्याच्या जन्माची हकिकत चारचौघांत सुरू करायची.

पुढे पुलापलीकडे लढाई पेटली. दवाखाना पलीकडेच राहिला आणि अलीकडे शाळेत सैनिक उतरले. त्यांनी पाण्याचा टँकर आणला, औषधं आणली, एक डॉक्टरीणही आणली. त्यांचा हवालदार घरोघरी फिरून समजावत होता, "घरात कुणी अत्यवस्थ झालं तर रस्त्यावर धावू नका, गोळी कुठून येईल सांगता येत नाही. गच्चीवर एक पांढरं फडकं लावा. शाळेच्या टाकीवरून आमची नजर असते. आम्ही गाडी घेऊन येऊ."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशीनेही डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, नेहमीसारखी, बाळंतपणाची उकळलेली पांढरी फडकी तिने गच्चीवर दोरीभर वाळत घातली.

गाडी दणदणत आली. स्ट्रेचर घेऊन सैनिक जिना चढले, तर मावशी निवांत लसूण सोलत बसलेली.

"कोण आजारी आहे?" हवालदाराने धापा टाकत विचारलं.

"इथे कुणी नाही. का, तुमच्यात कुणी आहे का?"

असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. शेवटी हवालदाराने हात जोडले. "मावशी, घरात वाळवा ना."

"घरात वाळलेल्या कापडाला कुबट वास येतो. बाळंतिणीला ऊन खाल्लेलंच कापड लागतं."

त्याने हिरव्या कापडाचा गठ्ठा आणून दिला. तिने तो तसाच परत केला. "हिरव्यावर रक्त किती गेलं ते दिसत नाही, बाबा. पांढऱ्यावर दिसतं."

हवालदाराने हात टेकले. त्या दिवसापासून मावशीच्या गच्चीवरचं पांढरं काही मोजायचं नाही, असं टाकीवर ठरून गेलं. मावशीला आपण लष्कराला नमवलं याचा केवढा आनंद! ठेंगणं झालं होतं आभाळ तिला. नळावर तिने ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली, आणि बायका हसल्या.

तिची लेक पहिलटकरीण, बाळंतपणाला आईकडे आलेली. जावई पुलापलीकडे अडकलेला. कळा सुरू झाल्या त्या दिवशी सकाळपासून गोळीबार चालू होता आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शेजारीण मागच्या दाराने मदतीला आली. दुपारी मुलगी झाली. खणखणीत रडली. वारही नीट पडली. मावशीने सुस्कारा सोडला आणि खाली पाहिलं, तर रक्त थांबत नव्हतं.

तिने पोट चोळलं. बाळाला छातीशी लावलं. इतक्या वर्षांत जे जे उपयोगी पडलं होतं ते सगळं केलं. एक फडकं भिजलं, दुसरं भिजलं. पांढऱ्यावर सगळं दिसत होतं, आणि त्या क्षणी तिला वाटलं, दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

"पोट असंच दाबून धर, सोडू नकोस," शेजारणीला सांगून एक फडकं घेऊन ती गच्चीवर धावली. आणि थबकली. दोरीभर पांढरी फडकी वाऱ्यावर हलत होती. त्यात हे आणखी एक लावून कुणाला काय कळणार होतं? तिने टाकीकडे पाहून दोन्ही हात हलवले, घसा फोडून हाका मारल्या. टाकीवरच्या पहारेकऱ्याची दुर्बीण पुलाकडे वळलेली होती आणि तिचा आवाज गोळ्यांच्या आवाजात विरून गेला. शाळेपर्यंत पळत जावं? वाटेत आपणच पडलो तर पोरीला कोण बघणार?

"मावशी, फडकी संपली!" खालून शेजारीण ओरडली.

मग मावशीने खुणेचा नाद सोडला. दोरीवरची सगळी फडकी तिने ओरबाडून काढली, चिमटे गच्चीभर उडाले, आणि ती तशीच खाली आली. मूठ वळून पोटावर दाबत राहिली.

"आई, थंडी वाजतेय गं."

"डोळे मिटायचे नाहीत! खबरदार झोपलीस तर! माझ्याकडे बघ." आवाज नेहमीसारखाच दरडावणीचा होता. लेकीचे ओठ पांढरे पडत चालले होते. आपल्या हट्टापायी पोर चालली, एवढा एकच विचार मावशीच्या डोक्यात घण घालत होता.

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. पुढे डॉक्टरीण, मागे हवालदार.

"किती रक्त गेलंय?"

मावशीने कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट केलं. डॉक्टरणीने एक नजर टाकली आणि लगेच इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. मावशी नव्या फडक्याकडे बघत राहिली. ते भिजलं, पण हळू. त्यानंतरचं बरंचसं पांढरंच राहिलं.

"वाचेल," डॉक्टरीण म्हणाली. "पण आता आमच्याकडे न्यायला हवं."

स्ट्रेचर उचलताना मावशीने हवालदाराची बाही धरली. "मी तर कसलीच खूण केली नव्हती. तुम्ही आलात कसे?"

"दोरी रिकामी दिसली, मावशी. आल्यापासून ती रिकामी कधी बघितलीच नव्हती. म्हटलं, तुमच्याकडे काहीतरी बिनसलंय."

मावशी हंबरडा फोडून रडली. तिचं रडणं गल्लीने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

लेक बरी होऊन घरी आली तेव्हा मावशी फडकी घरात वाळवू लागली होती. हवालदारानेच तिला थांबवलं. "घाला गच्चीवर. तुमच्या घरापुरता नियम उलटा केलाय. फडकी दिसताहेत तोवर आम्हाला घोर नाही."

पुढे सैनिकांना परतीचा हुकूम आला. त्या आठवड्यात गल्लीत एकही बाळंतपण नव्हतं, धुवायला एकही फडकं नव्हतं. तरी मावशीने पेटीतली सगळी स्वच्छ फडकी बाहेर काढली, पुन्हा धुतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी भरून टाकली. ट्रक गल्लीतून गेला तेव्हा मागे बसलेल्या हवालदाराने मान वर करून गच्चीकडे पाहिलं, आणि तो निर्धास्त टेकून बसला. नातीला कडेवर घेऊन मावशी फडक्यांच्या आड उभी होती. डोळे तिने बाहीलाच पुसले. ट्रक दिसेनासा होईपर्यंत दोरीवरचं एकही फडकं तिने काढलं नाही.