शिवून आणलेली गायिका

लास वेगासमध्ये आमची काळ्या लोकांची वस्ती रुळांच्या पलीकडे आणि झगमगती हॉटेलं सगळी अलीकडे. तिथल्या सिल्व्हर मेसा कॅसिनोत ओझेला प्रुइट गायिकांचे कपडे शिवायची आणि मी भांडी घासायचो. जुगाऱ्यांची उष्टी ताटं घासून मला एवढं कळलं होतं, की आमचा आवाज त्यांना चालतो, आम्ही चालत नाही.

एकोणीसशे चोपन्न साली आमच्यातलीच ल्युसिंडा व्हार्नाडो तिथे गायला आली. दारावर तिचं नाव दिव्यांनी लखलखत होतं, पण आत शिरायचं स्वयंपाकघरातून आणि झोपायला यायचं वस्तीत, ओझेलाकडे. याचा सगळ्यांनाच राग यायचा आणि सगळेच तो गिळायचे.

तिचा चंदेरी झगा अंगाला इतका घट्ट होता, की ओझेला रोज रंगमंचामागे तिला त्यात उभ्या उभ्या शिवून टाकायची. मग गाणं संपून टाके उसवेपर्यंत बाईला ना बसता यायचं, ना पायरी चढता यायची.

एका शुक्रवारी ल्युसिंडाची आई लेकीला ऐकायला आर्कान्सॉहून आली. मॅनेजर हॅलोरननं तिला आत न घेता मागे कचऱ्याच्या डब्यांपाशी उभं केलं. ओझेला विधवा, पदरात दोन पोरं, घर तिच्याच पगारावर चालायचं. तरी त्या दिवशी तिचं डोकं फिरलं ते फिरलंच.

शनिवारी तिनं ल्युसिंडाला आमच्या वस्तीतच शिवून टाकलं. बसता येईना, म्हणून माझ्या भावाच्या भाजीच्या ट्रकवर उचलून उभं केलं; शेजारी तिची आई आणि ओझेला. भर रस्त्यानं, संध्याकाळच्या उन्हात झगझगत आमची राणी निघाली. मी ट्रक मुद्दाम हळू चालवला आणि कॅसिनोच्या पुढच्या दाराशी नेऊन तिला उचलून उतरवलं.

हॅलोरन पुढच्या दारात धावत आला. "मागून ने तिला."

"मागे लोखंडी जिना आहे, साहेब," ओझेला म्हणाली. "गुडघा वाकला की शिवण गेली. मग आज लोकांना काय दाखवायचं ते तुम्हीच ठरवा."

"आणि ही म्हातारी कशाला?"

"झग्याचा मागे लोळणारा घोळ धरायला दोघी लागतात. एक टोक तुम्ही धरता का?"

आत एकही खुर्ची रिकामी नव्हती. त्यानं दार सोडलं. तिघी जुगाराच्या टेबलांमधून गेल्या तेव्हा फासे टाकणारे हात थांबले. म्हातारीनं लेकीचं गाणं पडद्याच्या कडेला खुर्चीत बसून ऐकलं.

गाणं संपलं आणि हॅलोरन कपड्यांच्या खोलीत आला. मी तिथे ट्रकची किल्ली घेऊन उभाच होतो.

"तुझी नोकरी संपली," तो ओझेलाला म्हणाला. "सामान उचल आणि मागच्या दारानं चालती हो."

ओझेलानं सुया डबीत भरल्या. घाई केली नाही.

"मागचं दार नोकरांना," ती म्हणाली. "मी आता तुझी नोकर नाही."

आणि म्हातारीचा हात धरून ती टेबलांमधून सरळ पुढच्या दारानं बाहेर पडली.