सोवळ्यातला अणू

आमची अक्का तांब्याला कधी ओठ लावायची नाही. मान वर करून पाण्याची धार थेट घशात सोडायची, पदरावर एक थेंब सांडायचा नाही. आईचं सोवळं कडक, त्यातलं एवढंच तिने उचललं होतं. पूजेचं नाव काढलं की मात्र ती पळ काढायची.

ती माळव्यातल्या धार गावच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. आपल्या पदार्थाच्या अगदी उलट्या अशा प्रतिपदार्थाचे अणू प्रयोगशाळेत बनले अशी बातमी आली, तेव्हा देवासला घरी येऊन आईलाच ऐकवत बसली. "आई, हा प्रतिहायड्रोजन तुझ्यासारखाच गं. कायम सोवळ्यात. भांड्याला शिवला की खलास!"

"मग ठेवता कशात?" आईने पोळी लाटता लाटता विचारलं.

"हाच तर घोळ आहे!" अक्का टाळी वाजवत म्हणाली.

वर्गात मनावर गावच्या एका मुलीने तिला विचारलं होतं, "मैडम, जो दिखे नी, वो बना ये कैसे मालूम?" अक्का म्हणाली, "मिटता है ना, तब मालूम पड़ता है कि था." हे ती आम्हाला हसत सांगायची. मला उगीच भीती वाटायची.

पुढे ती त्याच कामासाठी परदेशी गेली. दर रविवारी सकाळी फोन यायचा, भावाला हाक मात्र इकडचीच, "काय भिया, आईला दे." अक्काच्या गटाचे अणू बनायच्या बेतात होते, नेमकं तेव्हाच आईने अंथरूण धरलं. "तिला कळवू नकोस. हातातलं टाकून येईल," आईनेच मला बजावलं. रविवारी फोन वाजला. आत आईला धाप लागली होती. मी म्हणालो, "सोवळ्यात आहे गं, फोनला शिवणार नाही."

"बरं, पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी मी तेच सांगितलं. तिसऱ्याही. तिने एकदाही शंका घेतली नाही. चौथा रविवार यायच्या आत आई गेली.

मी कळवल्यावर तिकीट मिळून अक्का पोचली तोवर दिवसकार्यही उरकलं होतं. मला वाटलं, ताडताड बोलेल. बोलली असती तर फार बरं झालं असतं. आईच्या पलंगावर बसून ती गादीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तिकडे सगळ्यांना सांगत होते रे, आमची आई सोवळ्यात असली की फोनलासुद्धा शिवत नाही. किती हसलो आम्ही."

तिचे फोन अजून येतात. माझी नोकरी, इथला उन्हाळा, सगळं विचारते. फक्त घरी सगळे बरे आहेत ना, हे विचारत नाही. मी काय सांगेन, ते तिला ठाऊक आहे.