बाईची नटी

माझी मोठी बहीण बहिरी होती. आठ वर्षांची असताना मुदतीच्या तापातून ती उठली, पण कान गेले ते गेलेच. तिला आम्ही सगळे बाई म्हणायचो. तिला बोलता यायचं, पण आवाज सपाट निघायचा, कधी फार मोठा, कधी नुसती पुटपुट. लोक हसायचे, म्हणून चारचौघांत ती तोंड उघडत नसे. माझ्याशी मात्र हातांनी भराभर बोलायची. ताप येण्याआधी थोडी शाळा झाली होती, तेवढ्यावर अक्षरं लावून वाचायचीही.

सिंदेवाहीच्या सरकारी धान संशोधन केंद्रात बाबा नोकरीला होते. बाई तिथंच रोजीनं जायची. बायका ओळीनं बसून धानाच्या लोंब्या निवडायच्या, गप्पा चालायच्या, आणि बाई मान खाली घालून दुप्पट काम उरकायची. मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान. सातवीपर्यंत शिकून घरी बसले होते.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे जत्रा, भरते, त्या वर्षी मंडईत तंबू टॉकीज आली. चांद्याहून, म्हणजे आताच्या चंद्रपूरहून, छोट्या रेल्वेगाडीनं सिनेमाच्या पेट्या आल्या. पण उघडल्यावर कळलं, पेट्यांची अदलाबदल झाली आहे. हिंदी सिनेमाच्या जागी विलायतेकडचा कुठला तरी सिनेमा होता. इंग्रजीही नव्हता. केंद्रातले साहेब इंग्रजी जाणायचे, तेही म्हणाले की ही भाषा मला ठाऊक नाही. खरी पेटी यायला तीन दिवस लागणार होते. तंबूवाल्यानं तोवर हाच दाखवायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी तंबू भरला होता. थोड्या वेळातच शिट्ट्या सुरू झाल्या. पडद्यावर गोरी माणसं टेबलाभोवती बसून बोलतच होती. लोक त्यांच्या तोंडी वाटेल ती वाक्यं घालून हसत होते. मीही हसत होते. बाई शेजारी होती, पण तिचं आमच्याकडं लक्षच नव्हतं.

बाहेर पडल्यावर तिनं मला वाटेतच थांबवलं आणि हातांनी सगळी गोष्ट सांगितली. कोण कोणाचा नवरा, कोण खोटं बोलतो, म्हाताऱ्याचा राग कशावर आहे. आम्हाला कुणालाच काही कळलं नव्हतं, आणि तिला सगळं कळलं होतं. मग तिनं हात ओला असावा तसं मनगट उलटं करून कपाळावरचे केस मागं सारले.

"ते कोन?" मी विचारलं.

"भांडे घासनारी," बाई तोंडानं म्हणाली, मोठ्यानं. लोकांनी वळून पाहिलं. तिला पर्वा नव्हती.

त्या घरात एक मोलकरीण होती. मला ती आठवतही नव्हती. नायिका दुसरीच होती, मोत्यांच्या माळा घातलेली. ही मागं कुठं तरी ताटल्या पुसत असायची.

"तिच्यामांगं ताट पडलं," बाई म्हणाली. "सगळे दचकले. ते नाई दचकली. वळलीच नाई. ते बहिरी आहे."

"सिनेमात तसं असन."

"नाई. सिनेमात नाई. ते खरीच बहिरी आहे. मले समजते."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तंबूत जेमतेम पंधरा माणसं होती. ताट पडायची वेळ आली तेव्हा मी पडद्याकडं न बघता बाईकडं बघत होते. तिचे ओठ किंचित उघडे होते आणि ती अशी बघत होती की जणू गावाहून तिचं कुणी आलं आहे.

चौथ्या दिवशी हिंदी सिनेमाची पेटी आली. तो बघायला बाई आली नाही.

पुढं केंद्रात एक गंमत झाली. लोंब्या निवडताना बायकांनी बाईला तो सिनेमा विचारला, थट्टेनंच. बाईनं हातांनी, चेहऱ्यानं, मधूनमधून त्या सपाट आवाजात सांगायला घेतलं आणि बायका निवडायचं सोडून बघत बसल्या. मोलकरीण घर सोडून जाते तिथं दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला. मग रोजच कुणी ना कुणी म्हणायचं, "बाई, त्या भांडेवालीचं सांग ना व." इतकी वर्षं जिच्याशी कुणी बोललं नव्हतं, तिच्याभोवती बायका गोळा व्हायला लागल्या.

बाईला एकच ध्यास लागला. त्या नटीचं नाव काय, आणि ती खरंच बहिरी आहे का. तंबूवाल्याकडून मी नागपूरच्या, सिनेमे भाड्यानं देणाऱ्या ऑफिसचा पत्ता आणला आणि पत्र लिहिलं. बाई शेजारी बसून प्रत्येक ओळ बोटानं तपासत होती.

दीड महिन्यानं उत्तर आलं. बाई कामावर गेली होती. कुणा भल्या कारकुनानं लिहिलं होतं की त्या नटीची माहिती आमच्याकडं नाही, एवढ्या लहान कामाचं नाव सिनेमातल्या नावांच्या पाटीवर नसतं. सिनेमा चालला नाही, म्हणून त्याची रिळं धुऊन, ती वितळवून बांगड्या करणाऱ्यांना विकली. दुसरी प्रत असल्याचं ऐकिवात नाही.

मी मायला पत्र वाचून दाखवलं. माय म्हणाली, "आत्ताच नोको सांगू तिले. परवा पाहुने येऊन राह्यले. रडके डोळे घेऊन बसन त्यायच्यापुढं."

मी पत्र पेटीत कपड्यांखाली ठेवलं. पाहुणे आले, बाईला बघून गेले, नकार आला. त्या दुःखात हे कसं सांगायचं, म्हणून राहिलं. मग दुसरे पाहुणे आले. मग राहतच गेलं. पोस्टमन यायच्या वेळी बाई घरी असली की फाटकाशी उभी राहायची, त्याच्या हातांकडं बघत. तो पुढं गेला की माझ्याकडं वळून हलवायची बोटं, काय झालं म्हणून. मी नाही म्हणून मान हलवायची.

शेवटी सिरोंच्याचं स्थळ आलं. माणूस बिजवर होता, दोन लेकरांचा. गोदावरीत मासे धरायचा, थोडी शेतीही होती. घरात तेलुगू बोलत. "तिले काय मराठी अन् काय तेलुगू," असं लोक आमच्या तोंडावर म्हणाले. बाबांनी होकार दिला. बाईला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तिथून तिची कार्डं यायची, मोठ्या वाकड्या अक्षरांत तीन-चार ओळी. लेकरं चांगली आहेत. नदीला पाणी फार आहे. आणि शेवटी, नागपूरचे पत्र आले काय. मी दर वेळी लिहायची, नाही.

तीन वर्षांनी तिला मूल झालं, ते मेलेलंच जन्मलं. त्यानंतर ती खाटेवरच राहिली. उन्हाळ्यात माय आणि मी सिरोंच्याला गेलो. बाईचे हात काडीसारखे झाले होते. तरी पहिल्याच दिवशी तिनं बोटं हलवली, पत्राचं काय झालं म्हणून.

मी सगळं सांगितलं. पत्र कधी आलं, त्यात काय होतं, मी ते कुठं ठेवलं. सांगताना खुणा चुकल्या, दोनदा सांगावं लागलं.

बाईनं डोळे मिटले. तिनं डोळे मिटले की तिच्याशी बोलायचा रस्ताच बंद व्हायचा. मी हात धरून बसले, खांदा हलवला, माफी मागितली. तिनं डोळे उघडले नाहीत.

सकाळी मी पेज घेऊन गेले तेव्हा ती जागी होती. पेज प्यायली. मग तोंडानं विचारलं, "बांगड्या कोनत्या रंगाच्या केल्या?"

"ते नाई लिहिलं," मी म्हटलं.

तिनं मान डोलावली. आम्ही निघेपर्यंत त्या नटीचं नाव तिनं काढलं नाही, आणि मीही काढलं नाही.

पावसाळ्यात ती गेली. नद्यांना पूर होते, वाटा बंद होत्या. आम्हाला कळलं तेव्हा तिचा तेराव्याचा दिवसही होऊन गेला होता.

दिवाळीच्या सुमारास तिचा नवरा आला, तिची दोन लुगडी घेऊन. अबोल माणूस. मोडक्या मराठीत लेकरांचं सांगितलं. धाकटी अजून दारात जाऊन बसते म्हणाला. चहा पिऊन झाल्यावर त्यानं जरा घुटमळत विचारलं, "तुमची तिसरी बहीण कुठं असते? मोठ्या घरी कामाला होती ती. हिच्यासारखीच, कान नसलेली. हिनं लेकरांना तिचं फार सांगितलं."

माय माझ्याकडं बघायला लागली.

"पत्ता नाई तिचा," मी म्हटलं. "आमी लई शोधलं."

"हो," तो म्हणाला, "तेच सांगायची ती."

संध्याकाळच्या गाडीनं तो परत जाणार होता. मायनं लेकरांसाठी पोहे बांधून दिले आणि मी त्याला स्टेशनापर्यंत पोचवायला गेले.