लाल रंग लागलेलं पिस्तूल

पृथ्वी गोल आहे हे आमच्या घरमालकांना मान्य आहे. पण ती नक्की किती गोल आहे हे कुणी व्हर्नियर लावून पाहिलेलं नाही, अशी त्यांची तक्रार आहे. माणसाचे दोन कानसुद्धा ज्याला एका पातळीत बसवता आले नाहीत त्या देवाकडून फार अपेक्षा ठेवू नये, असं ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले. आणि हे म्हणताना ते माझ्याच कानांकडे बघत होते. मी परभणीहून नोकरीसाठी आलेला, ऑफिसजवळ जागा मिळेना म्हणून पिरंगुटला येऊन पोचलेला गरजू माणूस. मी कान मुकाट्यानं केसांखाली घेतले आणि खोली कुठली ते विचारलं.

मालकांचा सगळा जन्म उरवड्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये गेला. ज्या साच्यातून पुढं हजारो भाग निघायचे असतात तो साचा, म्हणजे डाय, हातानं घासून, पुसून, पुन्हा घासून तयार करायची जागा म्हणजे टूलरूम. निवृत्त झाल्यावर वडिलोपार्जित जमिनीच्या एका तुकड्यावर त्यांनी तीन मजली इमारत बांधली आणि आमच्यासारख्यांना खोल्या दिल्या. त्या इमारतीचा जिना बघायला अजून लोक येतात. गवंड्याकडून त्यांनी सातवी पायरी तीनदा फोडून घेतली होती. चौथ्यांदा तो गवंडी कामावर आलाच नाही, तो थेट कोकणात सासुरवाडीला निघून गेला म्हणतात. इतर लोक सदऱ्याच्या खिशात चष्मा ठेवतात, मालक व्हर्नियर ठेवतात, म्हणजे जाडी मोजायचं ते दोन जबड्यांचं स्टीलचं माप. पुतण्याच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलानं अंगठी हातात घेतली, तेवढ्यात मालक मांडवातून पुढं झाले, अंगठी घेतली, नवरीचं बोट मापलं आणि जाहीर केलं, "दोन दशांश सैल हाय. पन उन्हाळ्यात बोट फुगंल, बसंल. होऊ द्या." भटजींनीही मग त्यांच्याकडे बघूनच पुढचा मंत्र म्हटला. पौडच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची पट्टी दंडाला गुंडाळली की हे आधी विचारतात, "ह्ये यंत्र शेवटचं कवा तपासून घेतलं?" आणि तेवढ्यानं स्वतःचा नाही तरी डॉक्टरांचा रक्तदाब नक्की वाढवतात.

पण मालकांचा खरा धर्म दोनच कलमांचा. पहिलं कलम, आपलं काम आपण पास करायचं नाही, ते दुसऱ्यानं तपासायचं. दुसरं, तपासणीत नापास झालेल्या भागाला लाल रंग फासायचा. चुकून तो कुणी मशिनीला लावू नये म्हणून कारखान्यात तशी पद्धतच असते. लाल रंग लागलेल्या वस्तूला जगातला कुठलाही शहाणा माणूस हात लावणार नाही, यावर त्यांचा जेवढा विश्वास आहे तेवढा आमचा विजेवर नाही. घरात नापास झालेला पोळपाट, एक स्टूल आणि उंदराचा पिंजरा अशा तीन लाल वस्तू मी स्वतः पाहिल्या आहेत. पिंजऱ्यात उंदीर सापडत होता, पण दार सव्वा मिलिमीटर तिरकं लागत होतं.

या माणसाशी संसार केला त्या काकूंना माझ्या मते सरकारनं काहीतरी द्यायला हवं. काकू बोलायला मालकांच्या दुप्पट आणि मापाला अजिबात नाही. मीठ अंदाजानं, पाणी अंदाजानं, आणि भाकरी अशी, की मालकांनी व्हर्नियर लावला तरी कडेला आणि मधे एकच जाडी. "तुमच्या काकूच्या हातात डाय बसवल्याली हाय," एवढं एकच कौतुक मी त्यांच्या तोंडून ऐकलं, तेही काकू घरात नसताना.

गेल्या गणपतीत काकूंचा तोच हात गेला. सकाळी आरती करताना अर्धांगाचा झटका आला, वाजवता वाजवता घंटा खाली पडली आणि उजवा हात कोपरापासून लोंबू लागला. पाय आणि बोलणं वाचलं. पुढचे काही महिने महत्त्वाचे, हाताला आणि खास करून बोटांना जेवढा व्यायाम आता होईल तेवढं परत मिळेल, मागाहून अवघड आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिनं दाबायला एक मऊ पिवळा चेंडू दिला. काकूंनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी डाव्या हातानं कुत्र्याला दिला. "मी काय तान्हं लेकरू हाय व्हय, चेंडू दाबत बसाया?" कुत्र्याचा मात्र जबडा चांगला मजबूत झाला.

दसऱ्याच्या सुमारास एका रविवारी मालकांनी मला खाली हाक मारली. "इंजिनेर, वाईच खाली या." ओसरीवर काकू खाटेवर बसल्या होत्या आणि मालकांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर एक नकाशा काढला होता. समोरून, वरून, बाजूनं, सगळ्या मापांसकट. ते रबराचं पिस्तूल होतं. पुढच्या खाचेत रबर अडकवायचं, मागच्या आकड्यापर्यंत ताणायचं आणि चाप ओढला की सुटायचं. "ही पोर असताना भातावरची पाखरं राखायची," काकूंकडे न बघता ते म्हणाले. "गोफणीचा नेम आसा, की पाखरू सोडा, आमची टोपी उडवली होती हिनं बांधावरनं. नेम तर डोक्यात हायेच की. बोटाला काम पायजे फकस्त." कुणाचं दुखलंखुपलं विचारणं त्यांना जमत नाही. ते नकाशा काढतात.

उत्साहात मी फोनवर एक व्हिडिओ शोधून दाखवला. एक लाकडी पट्टी, तिच्या मागच्या टोकाला कपड्यांचा चिमटा चिकटवलेला, झालं पिस्तूल, दहा मिनिटांचं काम. मालकांनी तो तीनदा पाहिला. मग फोन परत देत म्हणाले, "चिमटा कपड्याचा हाय. त्याला कपडेच धरू द्या." आणि पहिल्या कलमानुसार तपासनीस म्हणून माझी नेमणूक झाली. त्यात गैर काही नव्हतं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कामात खोड काढण्याचाच मला पगार मिळतो आणि खोड सापडली नाही तर साहेबांना माझीच शंका येते.

पहिलं पिस्तूल सागवानी, पितळी चापाचं, इतकं देखणं की देव्हाऱ्यात ठेवावं. पण ते उचलायला काकूंचे दोन्ही हात धडधाकट असते तरी कमी पडले असते. लाल रंग. दुसरं हलक्या लाकडाचं. त्याचा चाप ओढायला मला दोन बोटं आणि एक शिवी लागली. लाल रंग. तिसऱ्याचा चाप इतका मऊ निघाला की मी नुसता नकाशाशी ताडून बघत असताना रबर सुटून माझ्या चष्म्यावर बसलं. लाल रंग. चौथं मात्र बरं होतं. खरंच बरं होतं. वजन बेताचं, पकड चांगली, रबर सुटत होतं. काकूंनी डावा हात पुढं केला, "आणा हिकडं." मी तपासणीच्या कागदावर लिहिलं, "रबर एक वीत डावीकडे जाते. चाप सुरुवातीला अडतो." का लिहिलं? खोड दिसली म्हणून लिहिलं. आणि काहीच लिहिलं नाही तर आपण तिथं कशाला, म्हणूनही लिहिलं. मालकांनी वाचलं, समाधानानं मान डोलवली आणि ब्रश घेतला.

"आवं, द्या की तेवढं," काकू म्हणाल्या. "मला काय वाघ मारायचा हाय?"

"पास न्हाई ते," मालक म्हणाले. "तुला नापास माल दिऊ व्हय मी?"

काकूंचा हात थोडा वेळ तसाच पुढं राहिला, मग त्यांनी तो पदराखाली घेतला. मी जिना चढून वर आलो. त्या दिवशी मला माझी लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, दोन दोष सापडल्याच्या आनंदातच मी होतो.

पुढं दिवाळी गेली, संक्रांत गेली. पाचवं झालं, सातवं झालं, नववं झालं. इकडे डॉक्टरांनी सांगितलेले महिने एकेक करून सरत होते आणि तिकडे मालक चापाच्या खिळीवर बारीक पॉलिशकागद फिरवत बसले होते. ऑफिसात आम्हीही असेच करतो. लोकांना जे काल हवं असतं ते आम्ही पुढच्या वर्षी निर्दोष करून देतो आणि तोवर त्यांनी दुसरं घेतलेलं असतं. पण तिथं कुणाचं बोट वाळत नसतं. हे एकदा मी मालकांना बोलून दाखवायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "घाईत केल्याली डाय हजार भाग बिघडवतीया, इंजिनेर." इथं भाग एकच होता.

नापास पिस्तुलं मालक एका पाटीत टाकत आणि पाटी काकूंच्या खाटेखाली सारत. लाल रंग असल्यावर त्यांना कुलूप लावायची काय गरज! पण हळूहळू घरात रबरं सापडू लागली. एक तुळशीत, एक गोठ्यातल्या म्हशीच्या शिंगात, एक मालकांच्या वरणात. दुधावर टपलेली मांजर ओसरीवर यायची बंद झाली. मालकांना माझा संशय आला. तपासनीस वर खोलीत नेऊन खेळतो, असं त्यांनी मला ऐकवलंही.

मग घरून काम होतं त्या एका सकाळी मी जिन्यात थबकलो. मालक म्हशीला घेऊन गेले होते. काकूंनी डाव्या हातानं पाटीतून चौथं पिस्तूल काढलं, दातात रबर धरून ते चढवलं, उजव्या हातात दिलं आणि तो हात डाव्यानं खालून सावरून धरला. बोट चापावर थरथरत होतं. चाप अडला. काकूंनी ओठ दाबून घेतले, मानेची शीर ताठ झाली आणि रबर सुटून समोरच्या पत्र्याच्या डब्यावर टण्णकन बसलं.

"वरडू नका, इंजिनेर," मला बघून त्या म्हणाल्या. "दिवाळीपासनं करतीया मी. रोज."

"पण काकू, चौथं का? त्याचा चाप अडतो."

"अडतुया म्हनून तर घेतलं. जोर लावाया लागतोय. पैली दोन हलतच न्हाईत, बाकीच्यांना जोरच लागत न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ह्यांना सांगू नका. लई जीव लावून करत्यात. पास हुंद्या त्यांचं."

मी वर जाऊन लॅपटॉप उघडला. चौथ्या पिस्तुलाच्या दिवशी वाटायची राहिलेली लाज मला तेव्हा एकदम वाटली.

शिमग्याच्या आधीच्या रविवारी बारावं पिस्तूल तयार झालं. मी ते घेतलं, उडवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा डोळे मिटून लिहिलं, "दोष नाही. पास." मालकांनी तो कागद दोनदा वाचला. अंगणात नारळ फोडला. मग दोन्ही हातांनी, ओटी भरावी तसं, ते पिस्तूल काकूंपुढं धरलं. काकूंनी ते उजव्या हातात घेतलं आणि चाप ओढला. रबर लोण्यातून सुरी फिरावी तसं सुटलं, सरळ जाऊन भिंतीवर लागलं.

"कसं हाय?" मालकांनी विचारलं. आवाज किंचित कापला असावा, पण मी तो मोजलेला नाही.

"ब्येस हाय," काकू म्हणाल्या. "पन ह्याच्यानं माझं बोट आजून तसंच ऱ्हायलं आसतं." आणि उशीखालून त्यांनी लाल पिस्तूल काढलं. मालक "अगं, ते रिजेक्ट हाय!" म्हणत पुढं झाले तोवर काकूंनी रबर दातानं चढवलं होतं. या वेळी डाव्या हाताचा टेकू नव्हता. त्यांनी नेम मालकांवर धरलाच नाही. स्वतःच्या उजव्या अंगाला, मालकांपासून वीतभर बाहेर, रिकाम्या जागेवर धरला. रबर सुटलं, डावीकडे वळलं आणि मालकांच्या खिशातल्या व्हर्नियरवर टिक् करून बसलं.

मालक जागच्या जागी उभे राहिले. बायकोनं आपल्याला मारलं हे त्यांच्या ध्यानात आलं असेल असं वाटत नाही. ते त्या नेमाचा हिशेब करत होते. "भाईर धरलंस तू," ते म्हणाले.

"डावीकडं जातंय ते एक वीत. मला ठावं हाय. कागदावर लिवल्यालं इंजिनेरनी."

मालक खाटेच्या कडेला बसले. त्यांनी काकूंचा उजवा हात हातात घेतला, तर्जनी हलकेच वाकवली, सोडली, पुन्हा वाकवली. कारखान्यात एखादा साचा पहिल्यांदा बंद होताना बघावा तसे ते बघत होते. "वळतंय गं," एवढंच म्हणाले. मग उठून आतून थिनर आणि चिंधी घेऊन आले आणि चौथ्या पिस्तुलाचा लाल रंग पुसू लागले. दुसऱ्या कलमाविरुद्ध त्यांनी केलेलं हे जन्मातलं पहिलं काम. रंग लाकडात मुरला होता. तासभर घासूनही फिका गुलाबी डाग राहिलाच. ते पिस्तूल अजून ओसरीवर खिळ्याला टांगलेलं आहे, आणि बारावं कपाटात आहे.

लग्न ठरल्यावर मी ती खोली सोडली. आता राहतो तिथला जिना असा आहे की दर दोन पायऱ्यांना मालकांची आठवण येते. निघायच्या दिवशी त्यांनी मला जेवायला थांबवलं. भाकऱ्या काकूंनी थापल्या होत्या, दोन्ही हातांनी. डावा हात पटकन फिरे, उजवा थोडा मागून येई. त्यामुळं भाकरी एका कडेला पापुद्र्यासारखी आणि दुसऱ्या कडेला चांगली बोटभर झाली होती. मालकांच्या ताटात पडली तेव्हा त्यांनी ती उचलून उजेडाकडे धरली. व्हर्नियर खिशात होता. मी घास हातात धरून बघत राहिलो.

"काका, मापू या का?" मी हळूच म्हटलं.

"जेवा गपगुमान," मालक म्हणाले, आणि जाड कडेकडून भाकरी मोडून जेवू लागले.