नकोशांची यादी

लशींच्या कोठारात दोन गोष्टी जुनाट होत्या: कचेरीतला संगणक आणि तो सांभाळणारा माणूस. माणसाला सगळे मिस्त्री म्हणत. कागदोपत्री तो कारकून, पण सतत वायरींत हात घालून बसलेला, म्हणून मिस्त्री. हे नाव त्याला मनातून आवडायचं. कारकुनाला कोण विचारतो?

संगणक सकाळी सुरू व्हायला सात मिनिटं घ्यायचा. साहेब तोवर टेबलावर बोटं वाजवत बसायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री, तुमच्या लिनक्सला एकदा टॉनिक पाजा हो." सगळे हसायचे. मिस्त्रीच्या ते जिव्हारी लागायचं, कारण संगणक चालवणारी ही लिनक्स प्रणाली त्यानेच हट्टाने बसवली होती.

शेवटी त्याने मनावर घेतलं. लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, गरजेप्रमाणे छोटे छोटे भाग जोडले जातात. आवाजासाठी एक, कॅमेऱ्यासाठी एक, असे. त्यांना मॉड्यूल म्हणतात. कुठली मॉड्यूल चढलेली आहेत ते एका आज्ञेसरशी पडद्यावर दिसतं, आणि प्रत्येकापुढे ते किती जण वापरताहेत तो आकडा असतो. ज्यांच्यापुढे शून्य होतं त्यांना मिस्त्रीने एकेक करून उतरवलं आणि पुन्हा चढू नयेत म्हणून त्यांची नावं एका फायलीत लिहून ठेवली. त्या फायलीला तो नकोशांची यादी म्हणायचा.

शीतखोलीतल्या तापमापकाची वायर याच संगणकात येत होती, आणि तिचंही एक मॉड्यूल होतं. नोंदीचा प्रोग्राम दर तासाला क्षणभर ते वापरायचा आणि सोडून द्यायचा. मिस्त्रीने पाहिलं तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती, म्हणून तिथेही शून्यच दिसलं. नाव आडवंतिडवं होतं. ते कशाचं, हे बघायचा त्याने कंटाळा केला.

दुसऱ्या दिवशी संगणक साडेसहा मिनिटांत सुरू झाला. अर्धं मिनिट वाचलं. एवढ्याशा अर्ध्या मिनिटासाठी साहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि गडी दिवसभर हवेत होता.

तापमापकाकडून आकडा येणं बंद झालं, पण कुणाला कळलं नाही. रकाना रिकामा दिसला की साहेब ओरडतात, म्हणून आकडा न आल्यास मागचाच पुन्हा लिहायचा, अशी सोय त्या प्रोग्राममध्ये मिस्त्रीनेच करून ठेवली होती. पडद्यावर चार अंश, चार अंश, चार अंश.

मग तीन दिवसांची सुट्टी आली. सुट्टीतही कोठारात फेरी मारायचं काम अक्काचं, म्हणजे मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीचं. तिच्याच शब्दावर त्याला इथे चिकटवलं होतं. नवरा गेल्यापासून ती आणि कॉलेजातली मुलगी या नोकरीवरच होत्या. नियमाने तिने रोज खोलीचं दार उघडून आतला तापमापक बघायचा. पण भावाने तिला केव्हाच सांगितलं होतं, "दार उघडू नकोस गं, गारवा जातो. पडद्यावर बघ की." ती तिन्ही दिवस आली, चार अंश बघितले, सही करून गेली.

चौथ्या दिवशी दार उघडलं तेव्हा आत बाहेरच्यासारखीच हवा होती. गारव्याचं यंत्र कधीचं बंद पडलेलं. कोठारातली सगळी लस फेकावी लागली. चौकशीत अक्काला विचारलं, दार का नाही उघडलं? ती म्हणाली, "आळस केला, साहेब." भावाचं नाव तिने ओठावर येऊ दिलं नाही.

मिस्त्रीने त्या दुपारी यादी उघडली आणि तापमापकाचं ते आडवंतिडवं नाव त्याला तिथे सापडलं. त्याने ते नाव खोडलं, मॉड्यूल चढवलं, आणि पुढच्या नोंदीला पडद्यावर तेवीस अंश उमटले. मग ती फाईलच पुसून टाकली. बोलायचंच होतं तर आधी साहेबांना बोलावून दाखवायचं. पण आधी पुरावा पुसला, आणि रात्रभर तळमळून सकाळी कबुली द्यायला गेला.

"साहेब, चूक माझी आहे. मी मॉड्यूल उतरवलं होतं. वापर शून्य दिसला, म्हणून."

"कसलं मॉड्यूल?"

"तापमापकाचं. कर्नलमधलं."

"दाखवा."

"आता चढवलंय परत."

साहेबांनी चष्मा काढला. "मिस्त्री, बहीण आहे, जीव तुटतो, समजतं मला. पण असलं काहीबाही सांगून अंगावर घेऊ नका. आकडे तर पडद्यावर येत होते ना?"

मागचाच आकडा कसा उमटायचा, हे सांगितलं असतं तर साहेबांना समजलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मिस्त्रीने ते वाक्य गिळलं. खोलीबाहेर आल्यावर त्याला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची त्याला किळस आली.

संध्याकाळी अक्का खण रिकामा करत होती. पाण्याची बाटली, कंगवा, घडी घातलेला स्वेटर. पिशवीचे बंद बांधता बांधता ती म्हणाली, "साहेबांनी सांगितलं मला. माझ्यासाठी खोटं बोललास ना रे?"

तिने त्याच्या गालावरून हात फिरवला.

"पुन्हा असा वेडेपणा करू नकोस. तुझी तरी नोकरी टिकू दे."

"बरं," मिस्त्री म्हणाला.