मत घ्यायला आलोय, चहा नको!

इलेक्शन ड्युटीचे किस्से घरी जाऊन कोणाला तरी सांगितले की माणूस मोकळा होतो. माझ्या मुलुंडच्या घरी सांगायला कोणी नाही. हे जाऊन बरीच वर्षं झाली. लेक बंगळुरूला असते, तिचा फोन येतो तो दोन मीटिंगच्या मधे. तेवढ्यात ‘जेवलीस का’ एवढंच होतं. म्हणून माझे किस्से साठत गेले. आज तुम्ही तावडीत सापडला आहात, तर ऐका!

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. मला ड्युटी लागली घाटकोपरला, गृहमतदानाची. जे फार म्हातारे आहेत किंवा अपंगत्वामुळे बूथवर येऊ शकत नाहीत, त्यांचं मत त्यांच्या घरी जाऊन घ्यायचं. टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचा, हातात मतपत्रिका द्यायची, बाकी सगळ्यांना खोलीबाहेर काढायचं आणि शेवटी बंद पाकीट पेटीत टाकून घ्यायचं.

माझ्याबरोबर बँकेतले जाधव होते. ते बोलत नाहीत, त्यामुळे इथेही त्यांचा उल्लेख एवढाच. बंदोबस्ताला सावंत हवालदार, मूळचे कुडाळचे. आणि शूटिंगला विशाखा, जी एरवी लग्नांचे व्हिडिओ काढते. आम्हाला सक्त ताकीद होती की कोणाच्या घरचं काही खायचं-प्यायचं नाही. चहासुद्धा नाही!

* * *

पहिल्याच घरी एक काका इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. टीम येणार असं त्यांना फोनवर कळवलेलं होतं. आत टेबलावर पोह्यांच्या बशा मांडून ठेवलेल्या, वर खोबरं, कोथिंबीर, सगळं साग्रसंगीत. बायको गेल्यापासून ते एकटेच राहतात, पोहे स्वतः केलेले.

मी हात जोडले. “काका, माफ करा. आम्हाला काही घेता येत नाही.”

काका आमच्याकडे संशयाने बघायला लागले. “खरंच सरकारकडून आलात ना? इलेक्शनमधली माणसं आणि खात नाहीत?”

मत झाल्यावर आम्ही निघालो, तेव्हा ते एकेक बशी उचलून परत ओट्यावर नेत होते. पोह्यांचा वास गाडीपर्यंत आला.

* * *

विशाखाच्या हाताची सवय काही जात नव्हती. एका आजींनी पाकीट पेटीत टाकलं, तर ही पटकन म्हणाली, “आजी, झकास! फक्त एकदा परत टाका ना, अँगल नीट नाही आला. आणि जरा स्माईल!”

मी डोक्याला हात लावला. आजी मात्र लगेच सरसावून बसल्या.

“टाकते की! दुसरा कागद द्या. नाहीतरी मला दोघांत ठरवताच येत नव्हतं!”

* * *

एका सोसायटीत सेक्रेटरींनी आम्हाला गेटवरच अडवलं. म्हणाले, तुमचा पत्ता चुकलाय, त्या फ्लॅटमध्ये फक्त म्हातारा-म्हातारी राहतात, तिसरं कोणी नाही. मी इतकी वर्षं सेक्रेटरी आहे, मला माहीत नसेल का?

वर गेलो, तर त्यांची मुलगी व्हीलचेअरवर बसून आमची वाट बघत होती. चाळिशीची असेल. घरी बसून कॉम्प्युटरवर हिशेबाची कामं करते. बिल्डिंगमध्ये लिफ्ट आहे, पण लिफ्टपासून गेटपर्यंत पायऱ्या आहेत आणि रॅम्प नाही. त्यामुळे दवाखान्याशिवाय ती खाली उतरत नव्हती, आणि तेव्हाही तिला उचलून न्यावं लागे. खाली गणपती, होळी, सोसायटीची मीटिंग, सगळं व्हायचं. कोणी तिला कधी बोलावलं नव्हतं.

मी संतापले. म्हटलं, “मी आत्ता जाऊन त्या सेक्रेटरींना सुनावते, की इथे तीन मतदार आहेत म्हणून!”

“नको हो टीचर,” ती हसत म्हणाली. “रॅम्प तर बांधणार नाही तो. पाण्याचं बिल तेवढं तिघांचं लावेल!”

मी हसले, पण खाली उतरताना मला बरं वाटत नव्हतं.

* * *

सावंतांना बघून लोक दचकायचे. एका आजोबांनी तर आम्हाला घाईघाईने आत ओढलं, शेजारी काय म्हणतील म्हणून. पण त्याच दुपारी एक आजी भेटल्या, त्यांचं उलटंच. मत झालं, आम्ही सामान आवरलं, तर त्या हळूच सावंतांना म्हणाल्या, “साहेब, दोन मिनिटं गॅलरीत उभे राहता का?”

“कित्याक आजयेनू? कोण त्रास देता काय?”

“नाही रे बाबा. समोरच्या बिल्डिंगला दिसू दे ना, माझ्याकडे पण कोणीतरी येतं!”

सावंतांनी टोपी नीट केली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी घड्याळ दाखवलं, तर मागे न बघताच म्हणाले, “मॅडम, वायच रवूया.”

* * *

डोंगराच्या बाजूच्या वस्तीत एक खोली होती. भिंतीवर निळ्या कोटातल्या साहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. मुलगा, सून, नातवंडं, सगळी त्या एकाच खोलीत. कांबळे आजी नवी साडी नेसून बसलेल्या. नियमाप्रमाणे मी सगळ्यांना बाहेर गल्लीत काढलं. आजी एकट्या आत, पुठ्ठ्याच्या मागे.

बराच वेळ झाला. सुनेला काळजी वाटायला लागली. मी दारातून हाक मारली, “आजी, मदत हवी का? अजून झालं नाही?”

“मत कवाच झालं!” आतून उत्तर आलं. “बसू द्या की जरा. लग्न होऊन आले तवापासून या खोलीत आज पहिल्यांदा एकटी हाय!”

सून तोंडाला पदर लावून हसली. मला मात्र माझी मुलुंडची रिकामी खोली आठवली, आणि आजींशी अदलाबदल करावी असं वाटलं.

* * *

आता देसाई काकांचं सांगते.

देसाई काका तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. दृष्टी गेली आहे. अशा मतदाराला खूण करायला एक सज्ञान माणूस सोबत घेता येतो, पण तो त्याने स्वतः आणायचा. आम्ही होऊ शकत नाही. पहिल्या फेरीला काका म्हणाले, “माझं कोणी नाही.”

“समोरचे शेजारी?” मी विचारलं.

काका भडकले. “मोऱ्या? तो माझं मत त्याच्या पार्टीला टाकेल! मागच्या इलेक्शनला त्याच्याशी जे भांडण झालं, तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.”

त्याआधी दोघं रोज संध्याकाळी एकत्र बसायचे, हे आम्हाला खाली वॉचमनने सांगितलं.

मी काकांना समजावलं की आता आम्ही आणखी एकदाच येणार. तेव्हाही कोणी नसलं तर मत गेलं, कारण एकदा घरून मतदानाचा अर्ज भरला की बूथवरही जाता येत नाही. काका म्हणाले, “आजवर एकही मत चुकवलेलं नाही हो मी.”

दुसऱ्या फेरीला काका दारातच खुर्ची टाकून बसले होते.

“कोणी मिळालं का?”

“नाही. तुम्ही या आता. उगाच दोनदा जिने चढलात.”

मी परत फिरणार, इतक्यात समोरचं दार उघडलं. बनियनवर मोरे काका.

“याला मला हाक मारायला काय झालं होतं?”

“तू टाकशील का मी सांगतो तिथे?” देसाई काकांनी आवाजाच्या दिशेने विचारलं.

“आईशप्पथ टाकेन! पण आधी बोल तरी माझ्याशी.”

“बोलतोय की.”

मोरेंकडून गुप्ततेचं लिहून घेतलं आणि आम्ही बाहेर पॅसेजमध्ये थांबलो. आतून आवाज आला.

“इथे? नक्की? अजून विचार कर, वाट लावलीय यांनी देशाची!”

मी दारातून ओरडले, “मोरे काका, आत प्रचार चालत नाही!”

“मोऱ्या, मुकाट्याने खूण कर!”

पाकीट पेटीत पडलं. मोरे कोणाशी काही न बोलता सरळ आत मोरीत गेले आणि नळ सोडून खसाखसा हात धुवायला लागले.

“साबण खिडकीत आहे!” देसाई काका ओरडले.

मला राहवेना. मी हळूच विचारलं, “काका, तुम्ही सांगितलं तिथेच खूण केली ना त्यांनी? खात्री आहे?”

“शंभर टक्के. ऐका ना, अजून हात धुतोय!” मग आत तोंड करून म्हणाले, “मोऱ्या, बंद कर तो नळ! आलाच आहेस तर चहा टाक. पावडरचा डबा...”

“माहितेय रे मला कुठे आहे तो!”

आत गॅस पेटल्याचा आवाज झाला. पातेलं ठेवलं गेलं. आम्ही आडोसा घडी करून उभेच होतो. विशाखाचा कॅमेरा केव्हाच बंद झाला होता, पण निघायचं कोणी नाव घेत नव्हतं.

देसाई काकांनी आमच्याकडे मान वळवली.

“टीचर, तुम्हाला चहा चालत नाही ना?”

“नाही हो काका. नियम आहे.”

“मग निघा की आता!”